फौजी कॉन्व्हॉय सुरक्षित कसा न्यायचा: चाक फिरायच्या आधीपासून गाडी परत लाईनीत उभी राहीपर्यंत

दिघीला आमच्या सोसायटीच्या मागच्या ग्राउंडवर रोज सकाळी भरतीची पोरं पळायला येतात. मी पण चालायला जातो, मग थोडं बोलणं होतं. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकाने विचारलं, काका तुम्ही एएससीत म्हणजे फौजेच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये २४ वर्षं गाडी चालवलीत, कॉन्व्हॉयच्या म्हणजे ताफ्याच्या एवढ्या तीस-चाळीस गाड्या एकाच रस्त्याने जाणार हे आंधळ्यालाही कळतं, मग शत्रूला कळत नाही का, आणि कळतं तर त्या पोचतात कशा? मी उभ्या उभ्या दहा मिनिटं सांगितलं पण समाधान झालं नाही, माझं पण आणि त्याचं पण. म्हणून हे सविस्तर लिहितोय. जगातली कुठलीही फौज आपल्या रिक्रूटला शिकवते आणि जे उघड माहितीत आहे तेवढंच इथे आहे, आज कुठल्या रस्त्यावर काय बंदोबस्त असतो, कोडवर्ड काय, जॅमर कुठला असलं काही मी लिहिणार नाही आणि कुणी विचारू पण नका.

एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात बसवा. शत्रू तुमच्या गाडीचा अभ्यास करत नाही, तो तुमच्या सवयीचा अभ्यास करतो. खाली जे काही सांगणार आहे ना ते सगळं फिरून फिरून इथेच येतंय.

आधी उंबरखिंड बघून या

पुण्यात राहता ना, मग पुस्तक उघडायच्या आधी एक रविवार काढा आणि खोपोलीजवळ चावणी गावाला जाऊन या. तिथे अंबा नदीच्या काठाला उंबरखिंडीचं स्मारक आहे. शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून बसलेला, त्याने आपल्या सरदाराला, कारतलबखानाला कोकणात धाडलं, तो लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ ला या खिंडीत महाराजांनी त्याला अडकवलं. सैन्य मोठं, सामान मोठं, पण वाट एवढी चिंचोळी की ते सगळं सैन्य एका लांब दोरीसारखं पसरलेलं, पुढच्याला मागच्याचं काय चाललंय ते कळेना, वळून लढायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, दोन्ही बाजूला झाडी आणि वरून मारा. शेवटी खानाला शरण येऊन खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली.

आपण ही गोष्ट नेहमी महाराजांच्या बाजूने वाचतो आणि छाती फुगते, फुगलीच पाहिजे. पण कॉन्व्हॉय कमांडरने ती एकदा खानाच्या बाजूने वाचावी. त्याने वाट आधी तपासली नाही, वरच्या कडा ताब्यात घेतल्या नाहीत, पुढचं टोक आणि मागचं टोक एकाच वेळी खिंडीत जाऊ दिलं. साडेतीनशे वर्षं झाली, घोड्याच्या जागी स्टॅलियन ट्रक आला, पण ताफे बुडतात ते अजून याच तीन चुकांनी.

पहिली पायरी: जायलाच पाहिजे का हे विचारा

सगळ्यात सुरक्षित कॉन्व्हॉय म्हणजे जो निघालाच नाही तो. माणसं विमानाने जाऊ शकतात का, सामान रेल्वेने जाईल का, दोन फेऱ्यांचं एका फेरीत होईल का, हे आधी विचारायचं. पुलवामाचं उदाहरण घ्या, १४ फेब्रुवारी २०१९. सीआरपीएफच्या ७८ गाड्या, साधारण २५०० जवान, जम्मूहून श्रीनगरला. बर्फाने हायवे काही दिवस बंद होता म्हणून माणसं साचत गेली आणि रस्ता उघडल्यावर सगळे एकदम निघाले. लेथपोऱ्याजवळ स्फोटकं भरलेली गाडी एका बसला येऊन भिडली आणि ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्या दिवशी मी इथे घरी टीव्हीसमोर बसून होतो आणि जेवलो नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच केंद्रीय दलांच्या जवानांना जम्मू-काश्मीरमध्ये ये-जा करायला विमानाची मुभा सगळ्या रँकना दिली गेली, आणि त्या एप्रिल-मे मध्ये आठवड्यातले दोन दिवस हायवे फक्त ताफ्यांसाठी राखून ठेवला होता. म्हणजे दोन धडे, एक, माणसं साचू देऊ नका, साचली तर तुकड्या करून न्या. दोन, रस्त्यावरची मोकळी खाजगी गाडी हा पण धोका धरा. जमिनीत पुरलेला सुरुंग शोधणारी टोळी सकाळी रस्ता साफ करून जाते पण दुपारी बाजूच्या गल्लीतून येणारी कार तिला दिसणार नाही, ते काम ताफ्याच्या आणि नाक्यांवरच्या लोकांचं.

आणि याच्या उलट टोकाची चूक म्हणजे एकटी गाडी. २० एप्रिल २०२३ ला पूंछमध्ये भाटा धुरियाजवळ लष्कराचा एकच ट्रक, पावसात, कमी दिसत असताना गाठला गेला आणि राष्ट्रीय रायफल्सचे ५ जवान शहीद झाले. रोजचा रस्ता आहे, पंधरा मिनिटांचं काम आहे, एकटाच जाऊन येतो, हे वाक्य एमटी पार्कात म्हणजे गाड्यांच्या तळावर कुणी बोललं की सिनियरने तिथेच गाडीची चावी काढून घ्यावी.

दुसरी पायरी: रस्ता कागदावर चालून बघा, मग पायाने

नकाशा पसरा आणि पेन्सिलने खुणा करा. कुठे गाडी आपोआप हळू होते? तीव्र वळण, चढ, खराब पॅच, बाजारपेठ, रेल्वे फाटक. कुठे रस्त्याच्या पोटात जागा आहे? मोऱ्या, पूल, नुकतंच खणून बुजवलेलं काम. कुठे वरून कुणी बघू शकतं? कुठे वळायला जागाच नाही?

हे समजायला काश्मीर नको, सासवडला जाताना दिवे घाट चढून बघा. बाईक वरच्या वळणावर थांबवा आणि खाली बघा, हडपसरकडून येणारी प्रत्येक गाडी तुम्हाला किती वेळ दिसते ते घड्याळ लावून मोजा. मग तीच गाडी खालून चालवत या आणि तुम्हाला वरचं काय दिसतं ते बघा. काहीच नाही. एवढं केलं ना की वरची कडा आधी आपल्या माणसांच्या ताब्यात का पाहिजे हे कुणी शिकवायला लागत नाही.

१९९९ ला कारगिल युद्धात मी द्रासच्या रस्त्यावर होतो, नोकरीला सहा वर्षं झालेली. तोलोलिंगच्या डोंगरावरून शत्रूला खालचा श्रीनगर-लेह रस्ता तळहातासारखा दिसायचा, गाडी दिसली की तोफेचा गोळा. म्हणून रात्री जायचं, हेडलाईट बंद. फौजी ट्रकच्या मागे डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोल डब्याला, पांढरा रंग असतो आणि त्यावर एक बारीक दिवा पडतो, पुण्यात कुणाला तो दिसला असेल तर नवल वाटलं असेल, तर तो पांढरा ठिपका एवढंच मागच्या ड्रायव्हरला दिसतं आणि त्या ठिपक्यावर नजर ठेवून आम्ही रात्र काढायचो. १३ जूनला तोलोलिंग आपल्या पायदळाने घेतलं आणि त्यानंतर स्टिअरिंगवरचे हात जरा सैल पडले. उंचीवर कोण बसलंय यावर खालच्या ड्रायव्हरचं आयुष्य असतं हे मी तिथे शिकलो, वर्गात नाही.

रस्ता ठरवताना एक मुख्य, एक पर्यायी, आणि दोघांच्या मध्ये कुठे कुठे बदलता येईल ते फाटे. सगळीकडे पर्याय मिळत नाही, डोंगरात बहुतेक वेळा एकच रस्ता असतो, मग वेळ बदला, क्रम बदला, थांबे बदला.

चहाच्या टपरीचा किस्सा

हा माझा स्वतःचा आहे म्हणून मध्येच सांगतो. एका रस्त्यावर आमचा ताफा महिन्यातून तीन-चारदा जायचा आणि एका ढाब्यावर थांबायचा, पराठे चांगले मिळायचे आणि मालक प्रेमाने बोलायचा. एके दिवशी आम्ही उतरलो तर चहा आधीच तयार, ग्लास मांडलेले. तिथला पोऱ्या, असेल बारा वर्षांचा, हसत हसत म्हणाला, साहेब आज २२ गाड्या ना, एक कमी आहे मागच्या वेळेपेक्षा. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, कौतुकाने मोजत होता. पण आमच्या सुभेदार साहेबांचा चेहरा पांढरा पडला. चहा न पिता पैसे देऊन आम्ही निघालो आणि त्या ढाब्यावर परत कधी थांबलो नाही.

बारा वर्षांच्या पोराला जर दिवस, वेळ, गाड्यांचा आकडा आणि थांबा पाठ असेल तर ज्याला आपल्याला मारायचंय त्याला काय काय पाठ असेल विचार करा. म्हणून तिसरी पायरी तीच, सवय मोडा. निघायची वेळ कधी पहाटे कधी उशिरा, थांबा कधी इथे कधी दहा किलोमीटर पुढे, कमांडरची गाडी कधी तिसरी कधी सातवी. ज्या गाडीवर चार अँटेना आणि ज्याच्या बाजूने सगळे सॅल्यूट मारतात ती गाडी कुणाची हे शत्रूला सांगायला लागत नाही, त्यामुळे रस्त्यात सॅल्यूट नाही आणि शक्यतो सगळ्या गाड्या सारख्या दिसतील असं बघा. बदल करणं कंटाळवाणं असतं, प्रत्येक वेळी नवीन विचार करावा लागतो, लोक कुरकुर करतात. करू द्या.

क्रम कसा लावायचा, आणि पालखीचं का आठवतं

आषाढात माउलींची पालखी आमच्या दिघीवरूनच पुण्यात जाते. रथाच्या पुढच्या दिंड्या, रथाच्या मागच्या दिंड्या, प्रत्येकीला नंबर, आणि तो नंबर पिढ्यानपिढ्या ठरलेला. लाखो माणसं पण एखादी दिंडी मागे राहिली की लगेच कळतं कारण तिची जागा रिकामी दिसते. कॉन्व्हॉयचा ऑर्डर ऑफ मार्च तसाच, फरक एवढाच की आपण नंबर दर वेळी बदलायचे, पण एकदा निघाल्यावर मात्र जागा सोडायची नाही.

साधारण असं लावतात: सगळ्यात पुढे थोड्या अंतरावर वाट बघत जाणारी एक स्काउट गाडी, मग संरक्षणाची गाडी, मग मालाच्या आणि माणसांच्या गाड्या छोट्या छोट्या गटात आणि प्रत्येक गटाला स्वतःचा कमांडर, मध्ये कुठेतरी कॉन्व्हॉय कमांडर, ॲम्ब्युलन्स आणि रिकव्हरी गाडी मागच्या भागात, शेवटी परत संरक्षण. सगळी हत्यारबंद माणसं पुढेच ठेवली तर शेपूट उघडं पडतं. डिझेलचा टँकर आणि दारूगोळा एकमेकांना चिकटून ठेवू नका, आणि माणसांच्या गाडीपासून पण लांब. डॉक्टर आणि कमांडर एका गाडीत बसवू नका, दोघं एकदम गेले तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं.

आता अंतर. उघड्या रस्त्यावर दोन गाड्यांमध्ये ५० ते १०० मीटर, गावात कमी. हिशोब करा, ४० गाड्या आणि १०० मीटरचं अंतर म्हणजे ताफा जवळपास ४ किलोमीटर, स्वारगेटहून शिवाजीनगरच्या आसपास पोचला. ताशी ४० च्या स्पीडने तो एका ठिकाणाहून पास व्हायला ६ मिनिटं लागतात. अंतर जास्त ठेवलं तर एका स्फोटात एकच गाडी सापडते, कमी ठेवलं तर एकमेकांना मदत लवकर मिळते, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ नाही, जमीन बघून बदलायचा. धुक्यात जवळ या, मोकळ्या माळावर लांब जा.

पण खरी अडचण रबरबँडची. पुढची गाडी वळण काढून मोकळ्या रस्त्याला लागली की ड्रायव्हर जोरात हाणतो, आणि मागचा अजून वळणात असतो, मग तो अंतर भरून काढायला त्याच्याहून जोरात, असं करत करत शेवटचा ट्रक ८० ने पळत असतो जेव्हा पहिला ४० ने चाललेला असतो. यावर उपाय एकच, पहिल्या गाडीने वळण, पूल किंवा गाव संपल्यावरही शेवटची गाडी बाहेर येईपर्यंत स्पीड वाढवायचा नाही. पहिल्या गाडीवर सगळ्यात शांत डोक्याचा ड्रायव्हर द्या. तरुण आणि तडफदार नको.

गाडीचं काय

लोकांना वाटतं माइन-प्रूफ म्हणजे सुरुंग झेलणारी गाडी दिली की झालं. माइनप्रोटेक्टेड गाडीचं तंत्र आफ्रिकेतून आलं, आपल्या फौजेने तिकडची कॅस्पिर वापरली, मग मेदकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आदित्य बनली. पोट व्ही आकाराचं असतं त्यामुळे खालून येणारा दाब दोन्ही बाजूला फाकतो, आणि पोट जमिनीपासून उंच असतं कारण स्फोटाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. सीट फरशीला न ठोकता छताला किंवा भिंतीला टांगलेल्या असतात म्हणजे फरशी उसळली तरी झटका मणक्यात जात नाही. इराकमध्ये अमेरिकेची साधी हमवी रस्त्याकडेच्या बॉम्बने फाटायला लागली तेव्हा २००७ ला त्यांच्या संरक्षणमंत्र्याने असल्या व्ही पोटाच्या गाड्या घेणं सगळ्यात वरच्या कामात टाकलं. आणि आपल्या मुंढव्याच्या भारत फोर्जला कल्याणी एम-४ या चिलखती गाडीसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराची १७७.९५ कोटींची ऑर्डर मिळाली, पुणेकर म्हणून बरं वाटतं.

पण १३ मार्च २०१८ ला सुकमा जिल्ह्यात किस्टारामला अशीच माइनप्रोटेक्टेड गाडी उडवली आणि सीआरपीएफचे ९ जवान गेले. चिलखत जेवढं जाड तेवढी शत्रूची स्फोटकं जास्त, ही शर्यत संपत नाही. म्हणून गाडी कुठलीही असो आतली शिस्त पाळा. बेल्ट लावा, हा सगळ्यात जास्त टाळला जाणारा आणि सगळ्यात जास्त जीव वाचवणारा नियम आहे, स्फोटात माणसं पुष्कळदा छतावर डोकं आपटून जातात. जॅक, पाना, पाण्याचा कॅन, दारूगोळ्याची पेटी, सगळं बांधा, सुटं ठेवलेलं प्रत्येक लोखंड स्फोटात गोळी होतं. साध्या ट्रकच्या फरशीवर रेतीच्या गोण्या टाकतात ते चांगलंच, पण वजन मोजा, ओव्हरलोड ट्रकचे ब्रेक घाटात दगा देतात आणि मग शत्रूची गरजच लागत नाही.

हे शेवटचं मी मुद्दाम म्हणतोय. २३ डिसेंबर २०२२ ला उत्तर सिक्कीममध्ये झेमाजवळ तीन गाड्यांच्या ताफ्यातला एक ट्रक वळणावर घसरून खोल दरीत गेला, १६ जवान. तिथे कुणी गोळी झाडली नव्हती. म्हणून टायर, ब्रेक, चेन, ड्रायव्हरची झोप, हे सगळं संरक्षणातच मोडतं. ड्रायव्हर आदल्या रात्री गार्ड ड्युटीला नको. दोन-एक तासांनी थांबा. को-ड्रायव्हर हा झोपायला बसवलेला नसतो.

रस्ता उघडणारे लोक

आरओपी म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. ताफ्याच्या कितीतरी आधी पहाटे ही पोरं पायी निघतात, डिटेक्टर, कुत्रा, आणि दोन्ही बाजूच्या झाडीतून चालणारे फ्लँकर. रस्त्यावर तर बघतातच पण रस्त्यापासून आत पण बघतात कारण कुणीतरी बसून वाट बघायला जागा तिथेच असते. त्यांना रोजचा रस्ता पाठ असतो म्हणून काल नव्हतं ते आज आहे हे डोळ्याला लगेच लागतं: नवी माती, हललेला दगड, रस्त्याकडेचा डबा, मोरीच्या तोंडाशी तुडवलेलं गवत, एरवी पोरं खेळतात ती जागा आज सुनसान. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गावकऱ्यांना बऱ्याचदा आधी कळलेलं असतं, ते सांगायला घाबरतात पण घरात बसतात. बाजार बंद, शाळेच्या वाटेवर पोरं नाहीत, टपरी बंद, असं दिसलं की थांबा आणि विचार करा.

काही सापडलं तर हात लावायचा नाही, खूण करायची, मागे यायचं, सॅपर्सना म्हणजे फौजेच्या इंजिनिअर लोकांना बोलवायचं. हे काम शिकलेले लोक आपल्या पुण्यातच घडतात, खडकीला बॉम्बे सॅपर्स आणि दापोडीला सीएमई म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग. आमच्या दिघीच्याच डीआरडीओ लॅबने दक्ष नावाचा रोबोट बनवला, तो माणसाऐवजी जाऊन बॉम्बला हात घालतो आणि चालवणारा ५०० मीटरपर्यंत लांब उभा राहू शकतो. माझा एक सॅपर मित्र म्हणायचा, आमच्यात घाई करणारा रिटायर होत नाही.

आणि आमिष ओळखा. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेडा. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्या, दुसऱ्या दिवशी पोलिसांची क्विक रिस्पॉन्स टीम खाजगी गाडीतून तिकडे निघाली आणि सुरुंगात १५ पोलीस आणि ड्रायव्हर गेले. आपली पोरं. कुठेतरी आग लावून तुम्हाला ठराविक रस्त्याने, ठराविक वेळी, घाईत बोलावणं ही जुनी खेळी आहे. घाई वाटायला लागली की समजा दुसऱ्या कुणीतरी तुमचं वेळापत्रक ठरवलंय. जायचं तर रस्ता उघडून जा, उशीर झाला तरी.

निघायच्या आधीची उजळणी

ब्रीफिंग सगळ्यांना, शेवटच्या क्लीनरपर्यंत, आणि तेही निघायच्या थोडंच आधी म्हणजे बातमी फुटायला वेळ मिळत नाही. जमिनीवर खडूने रस्ता काढा, दगड ठेवून गाड्या लावा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्या पुढची गाडी उडाली तर तू काय करणार? सांगू नका, विचारा. मान सगळेच हलवतात, उत्तर अर्ध्यांना येत नाही. वायरलेस चेक प्रत्येक सेटचा, एक बंद पडला तर दुसरा मार्ग, तो पण बंद तर हाताची खूण. एकदा आमच्या एका गाडीचा सेट निघतानाच बंद होता आणि पुढे बघू म्हणून तसंच निघालो, घाटात ती गाडी पंक्चर होऊन मागे राहिली आणि आम्हाला वीस मिनिटांनी कळलं. काही झालं नाही. पण ती वीस मिनिटं मला अजून आठवतात.

हल्ला झालाच तर

दबा धरून बसलेल्यांनी गोळीबार केला की माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तोच पाय ॲक्सिलरेटरवर जायला ट्रेनिंग लागतं. ज्याने सापळा लावलाय त्याने तुम्ही जिथे थांबाल ती जागा निवडलेली असते, म्हणून गाडी चालते तोवर चालवत राहा, मारा चाललेल्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि आधी ठरवलेल्या जागी जमा. जे अजून पट्ट्यात शिरले नाहीत त्यांनी आत यायचं नाही, अलीकडे थांबून उतरायचं, आणि बाजूने वर चढून हल्लेखोरावर दाब आणायचं काम हे लोक करतात. अडकलेल्यांनी धुराचे गोळे टाकायचे, गाडीच्या पलीकडच्या बाजूने उतरायचं आणि गाडीपासून लांब आडोसा धरायचा. गाडी हाच निशाणा असतो.

स्फोट झाला तर उलट. पळत मदतीला जाऊ नका. मला माहितीये किती अवघड आहे, आतला माणूस तुमच्या ताटात जेवलेला असतो. पण दुसरा बॉम्ब बहुतेक वेळा मदतीला धावणाऱ्यासाठी ठेवलेला असतो. आधी पायाखाली, मग आजूबाजूला, एक वाट तपासून तेवढ्याच वाटेने जायचं आणि त्याच वाटेने परत. साधं थांबलो तरी हीच पद्धत, अमेरिकन फौजेत याला ५ आणि २५ म्हणतात: गाडीतूनच भोवतालचे ५ मीटर नीट बघायचे, मग उतरायचं, आणि थांबणं लांबणार असेल तर २५ मीटरपर्यंत फिरून बघायचं.

जखमीला हात लावला की पहिलं रक्त. हातापायाची मोठी नस तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, ॲम्ब्युलन्स यायची वाट बघायला तेवढा वेळ नसतो. टुर्निके म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा प्रत्येकाच्या अंगावर, एका हाताने काढता येईल अशा जागी पाहिजे, पेटीत नाही. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, तो ओरडेल, ओरडू द्या, आणि आवळल्याची वेळ दिसेल अशी लिहायची. मग डॉक्टरनेच सोडायचा.

ड्रोन आल्यापासून

आमच्या वेळी आकाशाकडे फक्त पाऊस बघायला बघायचो. युक्रेनमध्ये २०२२ च्या सुरुवातीला कीवच्या उत्तरेला रशियाचा ६४ किलोमीटर लांब ताफा रस्त्यावर अडकून पडला आणि सगळ्या जगाने तो उपग्रहाच्या फोटोत बघितला. नंतर तिथे छोटे ड्रोन असे वाढले की रस्त्यांवर मैलच्या मैल जाळी बांधायला लागली. ड्रोनचा रेडिओ सिग्नल अडवणारा जॅमर लावला तर ऑप्टिकल फायबरची तार सोडत येणारे ड्रोन आले, त्यांच्यावर जॅमर चालत नाही. म्हणजे आता प्रत्येक गाडीत एकाचं काम फक्त वर बघायचं आणि ऐकायचं. थांबलात तर झाडाखाली, एकत्र नाही, पसरून, इंजिन थंड होऊ द्या कारण थर्मल कॅमेऱ्याला गरम बोनेट दिव्यासारखं दिसतं. कॅमोफ्लाज जाळी गाडीला असते ती पावसाळ्यात वास येतो म्हणून पोरं काढून ठेवतात, ती लावा. टायरच्या खुणा पण वरून दिसतात हे विसरू नका.

घरच्यांसाठी, हे नीट वाचा

खडकी, दिघी, धानोरी, घोरपडी, वानवडी, आपल्याकडे गल्लीगल्लीत फौजी घरं आहेत. पोरगा निघाला की आईचा मेसेज, कुठे पोचलास रे, आणि तो बिचारा प्रेमापोटी लोकेशन टाकतो. बायको स्टेटस ठेवते, आज निघाले उद्या बटालियनला. फॅमिली ग्रुपवर काका तो पुढे पाठवतो. प्रत्येकाने एक एक तुकडा दिला की तारीख, जागा, युनिट सगळं जुळतं, ढाब्यावरच्या पोऱ्याने जोडलं तसं. पोरांनो, निघायच्या आधीच घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन नाही आला तर घाबरू नका, पोचल्यावर मीच करेन. आईला हे सांगताना तुमचाच गळा भरेल, तरी सांगा. फोन ताफ्यात बंद आणि एका पिशवीत कमांडरकडे.

आणि हायवेला ताफा दिसला की रील काढणारे, तुमचं फौजेवर प्रेम आहे हे मला कळतं, पण गाडीचा नंबर, गाड्यांची संख्या आणि मागचा किलोमीटरचा दगड असं सगळं त्या रीलमध्ये येतं. हात हलवा, पुरे आहे, आतल्या पोराला तेवढ्याने दिवसभर बरं वाटतं. मध्ये घुसू नका, ओव्हरटेक करायचं तर पूर्ण ताफा करा नाहीतर मागे राहा. दोन ट्रकच्या मधल्या रिकाम्या जागेत कार घालून बसलात ना तर मागचा ड्रायव्हर सबंध वेळ तुमच्याकडेच बघत राहतो आणि त्याचं रस्त्यावरचं लक्ष उडतं.

पोचल्यावर

गाड्या आत आल्या की पहिलं डोकी मोजा, मग हत्यारं, मग सेट. मग अंघोळ आणि जेवणाच्या आधी, हो आधीच, अर्धा तास सगळ्यांना गोल बसवा. कुणाला काय वेगळं दिसलं? कुठल्या वळणावर बाईकवाला दोनदा दिसला? कुठला पूल नव्याने खणलाय? कुठे वायरलेस तुटला? जेवण झालं की अर्धं विसरतात आणि झोप झाली की सगळंच. बोलायला सगळ्यात ज्युनियर पोराने सुरुवात करायची, कारण सुभेदार आधी बोलला तर बाकीचे फक्त हो हो करतात. लिहून घ्या, तो कागद पुढच्या ताफ्याच्या कमांडरच्या हातात त्याच रात्री गेला पाहिजे.

गाडी धुवायच्या आधी खाली झोपून पोट बघा, काही चिकटवलंय का, कुठे वायर लोंबतेय का, तेल गळतंय का. मग टायर. मग टाकी फुल करून गाडी तोंड गेटकडे करून लावा.